शेअरांची खरेदी-विक्री : हमी कशाची मिळते आणि कशाची नाही

शेअर विकत घेणाऱ्या नवख्या माणसाने स्वतःस विचारावयाचा पहिला प्रश्न असा आहे : मी दिलेले पैसे कोणाकडे गेले? बहुतेकजण 'कंपनीकडे' असे उत्तर देतात आणि ते बहुतेक वेळा चुकीचे असते.

कंपनी नव्याने भांडवल उभारण्यासाठी शेअर विक्रीस काढते, तेव्हा अर्जदारांचे पैसे तिच्या खात्यात जमा होतात. यास प्राथमिक बाजार म्हणतात. अशा विक्रीतही काही शेअर कंपनीच्या जुन्या भागधारकांनी विकावयास काढलेले असू शकतात आणि त्यांचे पैसे त्या भागधारकांनाच मिळतात. परंतु रोजच्या वृत्तपत्रांत ज्याचे भाव छापून येतात तो बाजार याहून निराळा आहे. त्यास दुय्यम बाजार असे नाव आहे. तेथे एक भागधारक आपला हिस्सा दुसऱ्यास विकतो. कंपनी या व्यवहारात घेणाऱ्याच्याही बाजूस नसते आणि देणाऱ्याच्याही नसते. भागधारकांच्या यादीत एका नावाऐवजी दुसरे नाव आले, इतकाच तिचा त्याच्याशी संबंध.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा असला तरी महत्त्वाचा आहे. आपण जो शेअर शंभर रुपयांस घेण्याजोगा समजलो, तोच शेअर त्याच क्षणी शंभर रुपयांस विकून टाकणे ज्याला इष्ट वाटले, असा कोणीतरी पलीकडे असतोच. त्याला कदाचित मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे असतील. कदाचित त्या कंपनीविषयी त्याला आपल्याहून अधिक माहिती असेल. यांपैकी कोणते कारण खरे, हे आपणांस कधीच कळत नाही.

मग असा बाजार हवाच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, कंपनी भागभांडवल सहसा परत करीत नाही. कर्जरोख्यास मुदत असते, शेअरला ती नसते. ज्या घरात प्रवेश मिळतो पण बाहेर पडावयास दार नाही, अशा घरात कोणी आपली पुंजी ठेवणार नाही. दुय्यम बाजार हे ते दार आहे. ते उघडे राहते म्हणूनच लोक प्राथमिक बाजारात पैसे गुंतवितात.

वडाच्या छायेपासून

मुंबईत १८५० नंतरच्या दशकात टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडांखाली मूठभर दलाल जमत आणि तेथेच सौदे होत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात मुंबईत बँका आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. त्यांच्या शेअरांचे भाव त्यांच्या कामाशी काहीही संबंध नसलेल्या उंचीवर जाऊन पोहोचले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले. १ जुलै १८६५ रोजी पुढील तारखेच्या वायद्याने केलेल्या असंख्य सौद्यांची मुदत भरली, तेव्हा पैसे देऊ शकणारे फार थोडे उरले होते. शब्द दिलेला होता. परंतु शब्दामागे उभा राहील असा कोणी नव्हता.

दलालांनी १८७५ साली आपली संघटना स्थापन केली, तिचे नाव 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन'. आजच्या मुंबई शेअर बाजाराचे हे मूळ रूप होय. अहमदाबादेस १८९४ साली आणि कलकत्त्यास १९०८ साली असेच बाजार स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या रोखे करार (नियमन) कायद्याने या बाजारांस सरकारी मान्यतेच्या चौकटीत आणले. तरीही सौद्याची रीत १९९४-९५ पर्यंत जवळजवळ तीच राहिली. बाजाराच्या भव्य दालनात दलाल आणि त्यांचे मदतनीस मोठ्याने भाव पुकारीत, हाताच्या खुणांनी सौदा ठरवीत आणि छोट्या वहीत टिपून ठेवीत.

त्या काळी लहान गावातील गुंतवणूकदार पत्राने किंवा तारेने दलालास कळवी. आपला सौदा नेमका कोणत्या भावाने झाला, हे पडताळून पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नसे. शेअर म्हणजे एक छापील प्रमाणपत्र असे आणि त्यासोबत विकणाऱ्याने सही केलेला हस्तांतरणाचा नमुना येई. कंपनीच्या दप्तरातील सहीशी ती सही जुळली नाही की कागद महिन्यादोन महिन्यांनी परत येत. तोपर्यंत विकणारा कोठे असेल याचा नेम नसे. टपालात हरविलेली प्रमाणपत्रे आणि बनावट प्रमाणपत्रे या तर नित्याच्या तक्रारी होत्या.

आजची व्यवस्था या तक्रारींना दिलेले उत्तर आहे. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, म्हणजेच 'सेबी', १९८८ साली स्थापन झाले आणि १९९२ साली त्यास कायद्याचे अधिकार मिळाले. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये संगणकाच्या पडद्यावर शेअरांचे सौदे सुरू केले. मुंबई शेअर बाजारानेही १९९५ मध्ये तीच पद्धत स्वीकारली आणि दालनातील पुकारा थांबला. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी प्रमाणपत्राच्या जागी खात्यातील नोंद आली. हे सारे बदल दलालाच्या शब्दावरचा विश्वास यंत्रणेकडे नेण्यासाठी होते.

तीन खाती

आज शेअर घेऊ इच्छिणाऱ्यास तीन खाती लागतात : पैशांसाठी बँकेचे खाते, सौद्यांसाठी नोंदणीकृत दलालाकडील खाते आणि शेअर ठेवण्यासाठी डीमॅट खाते. आयकर विभागाचा पॅन क्रमांक आणि ओळख व पत्ता यांचे पुरावे दिल्यावर ही खाती उघडता येतात.

डीमॅट खाते हे बँकेच्या पासबुकासारखेच समजावे, त्यात रुपयांऐवजी शेअर जमा असतात एवढाच फरक. देशात अशी खाती सांभाळणाऱ्या दोन संस्था आहेत. एनएसडीएलचे काम १९९६ साली सुरू झाले आणि सीडीएसएलचे १९९९ साली. दलाल किंवा बँक त्यांच्या वतीने आपले खाते उघडून देते, परंतु शेअर त्या दलालाच्या मालकीचे होत नाहीत. म्हणूनच या संस्थांकडून येणारे विवरण स्वतः वाचावे. आपल्या नकळत शेअर हलविण्याचा अधिकार देणाऱ्या कोणत्याही कागदावर, तो पूर्ण वाचल्याशिवाय, सही करू नये. खाते उघडतानाच वारसाचे नामनिर्देशनही करून ठेवावे. ज्या घरातील कर्त्या माणसाने ते केले नाही, त्या घराला त्याच्या पश्चात कागदपत्रांसाठी किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांनाच ठाऊक.

भाव कसा ठरतो

बाजाराचे नियमित कामकाज सकाळी सव्वानऊ वाजता सुरू होते आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास संपते. या वेळात देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे आदेश बाजाराच्या संगणकात एकत्र होतात. तो ते दोन रांगांत लावतो. एका रांगेत घेणारे असतात, त्यांत सर्वांत अधिक भाव देणारा पुढे. दुसऱ्या रांगेत विकणारे असतात, त्यांत सर्वांत कमी भाव मागणारा पुढे. भाव सारखाच असेल तर ज्याचा आदेश आधी आला तो पुढे. 'भाव प्रथम, वेळ नंतर' हा एकच नियम येथे चालतो. लक्षाधीश आणि शाळामास्तर यांत तो भेद करीत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका निवृत्त शिक्षिकेला एका कंपनीचे ५० शेअर घ्यावयाचे आहेत. त्या क्षणी पडद्यावरील स्थिती अशी आहे :

विकणारे : ४१२.०० रुपयांस २० शेअर, ४१२.५० रुपयांस ४० शेअर, ४१३.०० रुपयांस १०० शेअर.

घेणारे : ४११.५० रुपयांस ३० शेअर; ४११.०० रुपयांस ६० शेअर.

बाईंनी 'बाजारभावाने घ्या' असा आदेश दिला, तर २० शेअर ४१२ रुपयांस आणि उरलेले ३० शेअर ४१२.५० रुपयांस मिळतील. एकूण २०,६१५ रुपये लागतील आणि सरासरी भाव ४१२.३० रुपये पडेल. याउलट '४१२ रुपयांहून अधिक देऊ नये' असा मर्यादित किमतीचा आदेश दिला, तर २० शेअर ताबडतोब मिळतील आणि बाकीच्या ३० शेअरांचा आदेश घेणाऱ्यांच्या रांगेत सर्वांत पुढे जाऊन थांबेल. त्या दिवशी कोणी ४१२ रुपयांस विकावयास आला तर ठीक. न आल्यास बाजार बंद होताना तो आदेश रद्द होईल.

पहिल्या प्रकारात सौद्याची निश्चिती आहे, भावाची नाही. दुसऱ्यात भावाची निश्चिती आहे, सौद्याची नाही. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या शेअरांत रोज लाखो शेअरांची उलाढाल होत असल्यामुळे हा फरक पैशांत मोजण्याइतका लहान असतो. परंतु ज्या शेअरची उलाढाल तुरळक असते, त्यात घेणारे आणि विकणारे यांच्या भावांत मोठी दरी पडलेली असते. तेथे बाजारभावाचा आदेश देणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करण्यासारखेच आहे. नवख्या माणसाने मर्यादित किमतीचा आदेश देण्याचीच सवय लावून घ्यावी.

'स्टॉप लॉस' नावाचा आणखी एक आदेश आहे. भाव ठरावीक पातळीपर्यंत उतरला की विक्रीचा आदेश आपोआप बाजारात जावा, अशी त्यात योजना असते. मात्र भाव एकदम कोसळला तर ठरविलेल्या पातळीवर घेणारा कोणी असेलच असे नाही, हे त्याच्या नावावरून ध्यानात येत नाही.

सौद्यानंतरचा दिवस

सौदा जुळला की शेअर लगेच बाईंच्या मालकीचे झाले, असे नव्हे. पैसे आणि शेअर यांची अदलाबदल व्हावयाची असते. पूर्वी यास पंधरवडा किंवा त्याहून अधिक काळ लागे. एप्रिल २००३ पासून ही मुदत सौद्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांवर आली आणि २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांसाठी ती एका दिवसावर आली आहे. सोमवारी घेतलेले शेअर मंगळवारी डीमॅट खात्यात दिसतात. मंगळवारी सुट्टी असेल तर बुधवारी.

या अदलाबदलीच्या मध्यभागी समाशोधन महामंडळ नावाची संस्था उभी असते. सौदा जुळताच ती घेणाऱ्यापुढे विकणारी आणि विकणाऱ्यापुढे घेणारी बनते. त्यामुळे पलीकडचा अनोळखी माणूस बुडाला तरी आपला सौदा बुडत नाही. विकणाऱ्याने शेअर दिले नाहीत, तर महामंडळ लिलावाने ते मिळविते. तेही न जमल्यास ठरलेल्या रीतीने पैशांत भरपाई करते. या जबाबदारीसाठी ते दलालांकडून आगाऊ अनामत घेते आणि हमी निधी बाळगते. १८६५ साली शब्दामागे जो कोणी नव्हता, तो आज येथे आहे.

सौद्यानंतर चोवीस तासांच्या आत दलालाने सौदाचिठ्ठी, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट, दिली पाहिजे. तीत सौद्याची वेळ, भाव, संख्या आणि प्रत्येक आकार वेगळा दाखविलेला असतो. ही चिठ्ठी जपून ठेवावी; तक्रारीच्या वेळी ती पुरावा ठरते.

खर्चाचा हिशेब

समजा, शेअर खात्यात जमा झाल्यावर बाईंनी ते विकावयाचे ठरविले. पडद्यावरील स्थिती जशीच्या तशी आहे. आता त्यांना घेणाऱ्यांच्या रांगेतील भाव मिळेल : ३० शेअर ४११.५० रुपयांस आणि २० शेअर ४११ रुपयांस, एकूण २०,५६५ रुपये. बाजार तसूभरही हलला नाही, तरी ५० रुपये गेले. त्याशिवाय शेअर प्रत्यक्ष ताब्यात घेऊन केलेल्या खरेदीवर आणि विक्रीवर शेकडा ०.१ प्रमाणे रोखे व्यवहार कर पडतो, म्हणजे दोन्ही वेळचे मिळून सुमारे ४२ रुपये. खरेदीवर शेकडा ०.०१५ दराने मुद्रांक शुल्क, सुमारे ३ रुपये. अशा रीतीने ९५ रुपये झाले. दलाली, तिच्यावरील वस्तू व सेवा कर आणि डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचा आकार निराळाच.

एका सौद्यात हे पैसे डोळ्यांत भरत नाहीत. परंतु जो माणूस आठवड्यास दोनदा घेतो आणि विकतो, त्याच्या पुंजीला वर्षभरात किती चाळण लागेल याचा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा. नफा झालाच तर त्यावर प्राप्तिकर आहे. २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे, एक वर्षाच्या आत विकलेल्या सूचीबद्ध शेअरच्या नफ्यावर शेकडा २० आणि त्याहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरच्या, वर्षाला सव्वा लाख रुपयांवरील नफ्यावर शेकडा साडेबारा असा कर आहे. कायद्यानेही धीर धरणाऱ्यास थोडे झुकते माप दिले आहे.

हमीची सीमा

येथवर जे सांगितले त्यावरून वाचकाचा असा समज होणे स्वाभाविक आहे की, आता हा बाजार सुरक्षित झाला. तो समज अर्धाच खरा आहे आणि अनेक कुटुंबांची पुंजी त्या उरलेल्या अर्ध्या भागात गेली आहे. यंत्रणा सौद्याची हमी देते. किमतीची देत नाही. घेतलेला शेअर खात्यात येईल. तो घेतलेल्या किमतीचा राहील असे मात्र कोणीही म्हटलेले नाही.

१९९२ पर्यंत नव्या शेअरची विक्री किंमत सरकारच्या भांडवल नियंत्रकाच्या संमतीने ठरत असे. त्यामुळे 'सरकारने पाहिलेली किंमत' अशी एक भावना जनमानसात रुजली होती. १९९२ साली तो कायदा रद्द झाला. आता कंपनीने आपली माहिती खरी आणि पूर्ण सांगितली पाहिजे, असा सेबीचा आग्रह असतो. ती कंपनी चांगली आहे की नाही आणि भाव योग्य आहे की नाही, हे सेबी सांगत नाही. ती जबाबदारी घेणाऱ्याची.

मुंबई शेअर बाजाराचा ३० कंपन्यांचा निर्देशांक, सेन्सेक्स, १९७८-७९ हे वर्ष १०० धरून मोजला जातो. रोखे घोटाळा उघडकीस येण्याआधी, २ एप्रिल १९९२ रोजी, तो ४,४६७ वर होता. वर्षभरात तो सुमारे निम्म्यावर आला. जानेवारी २००८ मध्ये त्याने २१,००० ची पातळी गाठली होती. मार्च २००९ मध्ये तो ८,२०० च्या आसपास होता. २३ मार्च २०२० या एकाच दिवशी तो शेकडा तेराने उतरला आणि सौदे पाऊण तास थांबवावे लागले. या तिन्ही वेळा निर्देशांक कालांतराने सावरला. परंतु निर्देशांकातून दुबळ्या कंपन्या वगळून नव्या घेतल्या जातात. बाईंच्या खात्यातून त्या कोणी वगळीत नाही. निर्देशांक सावरला म्हणून प्रत्येक शेअर सावरला असे होत नाही.

बाहेर पडावयाचे दारही नेहमी उघडे असते असे नाही. अनेक शेअरांच्या भावाला एका दिवसात किती चढावे-उतरावे याची २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा घातलेली असते. एखादा शेअर खालच्या मर्यादेला टेकतो, तेव्हा पडद्यावर विकणाऱ्यांची लांबच लांब रांग दिसते आणि घेणाऱ्यांचा रकाना रिकामा असतो. अफवेच्या बळावर चढविलेल्या लहान कंपन्यांच्या शेअरांत असे दिवसामागून दिवस चालते. बारा रुपयांचा शेअर स्वस्त आणि तीन हजारांचा महाग, अशी समजूत असणारेच त्यात अधिक सापडतात. वस्तुतः एका शेअरची किंमत कंपनीचे किती तुकडे केले आहेत यावर अवलंबून असते; त्यावरून कंपनीची स्वस्ताई कळत नाही.

सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०२२-२३ या वर्षी ज्या व्यक्तींनी शेअर घेऊन त्याच दिवशी विकण्याचे सौदे केले, त्यांपैकी शेकडा ७१ जणांना तोटा झाला. सप्टेंबर २०२४ च्या दुसऱ्या पाहणीप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे वायदे आणि विकल्प, यांत उतरलेल्या व्यक्तींपैकी शेकडा ९३ जण तोट्यात राहिले. यांतील बहुतेक सौदे नियमांप्रमाणे झाले होते आणि वेळेवर पूर्णही झाले होते. यंत्रणेने आपले काम चोख केले. पैसे तरीही गेले.

आदेश देण्यापूर्वी

म्हणून बाईंनी आदेश देण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. पहिला : ही कंपनी पैसे कशातून मिळविते, हे मी शेजाऱ्यास दोन वाक्यांत सांगू शकेन काय? दुसरा : हे पैसे पाच वर्षे हाती आले नाहीत, तर औषधपाण्यास किंवा मुलांच्या शिक्षणास अडचण पडेल काय? तिसरा : मला हा शेअर घ्या म्हणून सांगणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे?

पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल तर शेअर घेऊ नये. दुसऱ्याचे 'होय' असेल तर त्या पैशांची जागा बँकेत किंवा टपाल कचेरीत आहे. तिसऱ्याचे उत्तर मिळत नसेल तर ते मिळेपर्यंत थांबावे. बाजार उद्याही सव्वानऊ वाजता उघडणार आहे.

दलालाने चूक केली, शेअर मिळाले नाहीत, सौदाचिठ्ठी खोटी निघाली, तर दाद मागावयास बाजार आहे, सेबीची तक्रार व्यवस्था आहे, न्यायालये आहेत. परंतु भाव अधिक दिला, ही तक्रार ऐकून घेणारी कचेरी कोठेही नाही. तिची सुनावणी खरेदीपूर्वी आणि आपल्याच मनापुढे व्हावयास हवी. त्या सुनावणीस लागणारा मुख्य पुरावा म्हणजे कंपनीचा वार्षिक अहवाल. तो कसा वाचावा, याचा विचार पुढील प्रकरणात करू.